एका वाक्यातून पोर्तुगीज: लिस्बनमधला ए२ कोर्स आणि माझा अनुभव

पोर्तुगालमध्ये नवीन आलेली मराठी मंडळी मला अधूनमधून विचारतात की भाषेचं काय केलंस, किती खर्च आला, परीक्षा द्यावीच लागते का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हे लोक बोलतात त्यातला एक शब्द वेगळा ऐकू येत नाही तर शिकायचं कसं. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा सगळं नीट लिहून काढतेय. कागदपत्रांचं आणि कोर्सचं सांगतेच, पण त्याहून जास्त मला एका वाक्याबद्दल लिहायचंय, कारण माझे उच्चार आणि माझे पहिले शे-दोनशे शब्द त्या एका वाक्यातूनच आले.

आधी कागद. इथे कायमचा रहिवास किंवा नागरिकत्व हवं असेल तर ए२ पातळीचं पोर्तुगीज येतं याचा पुरावा लागतो (युरोपात भाषेच्या पातळ्या ए१, ए२, बी१ अशा चढत जातात, ए२ म्हणजे रोजच्या साध्या व्यवहारापुरती भाषा). त्याचे नेहमीचे मार्ग दोन. एक म्हणजे सिप्ले नावाची परीक्षा, ती लिस्बन विद्यापीठाचं काप्ले हे केंद्र घेतं, त्यात वाचन-लेखनाला ४५ टक्के, ऐकण्याला ३० आणि बोलण्याला २५ टक्के असतात आणि पास व्हायला एकूण ५५ टक्के लागतात. दुसरा मार्ग म्हणजे पीएलए, म्हणजे बाहेरून आलेल्या लोकांसाठी सरकारने २०२० मध्ये सुरू केलेला पोर्तुगीजचा कोर्स, तो सरकारी शाळांमध्ये आणि आयईएफपी या रोजगार खात्याच्या केंद्रांमध्ये चालतो आणि त्याला फी नाही. ए१ आणि ए२ मिळून १५० तास. तो पूर्ण करून मिळणारं सर्टिफिकेट या दोन्ही कामांना चालतं, वेगळी परीक्षा द्यावी लागत नाही. ज्याला भाषा बऱ्यापैकी येते आणि फक्त कागद हवाय त्याने सरळ सिप्ले द्यावी, पण जो शून्यापासून सुरू करतोय त्याने पीएलएच करावं असं माझं मत आहे, कारण तिथे रोज तोंड उघडावं लागतं आणि त्याला दुसरा पर्याय नाही.

मी सप्टेंबर २०२३ मध्ये एका सरकारी शाळेच्या ऑफिसात जाऊन नाव दिलं. रहिवासाचं कार्ड, पासपोर्ट, निफ म्हणजे टॅक्सचा नंबर, पत्त्याचा पुरावा, सगळ्याच्या झेरॉक्स. कार्ड अजून हातात आलं नसेल तर अर्ज केल्याची पावती चालते, त्यासाठी थांबून राहू नका. खिडकीवरच्या बाईंनी शांतपणे फॉर्म भरून घेतला आणि बॅच भरली की फोन करू म्हणाल्या. तो फोन यायला जानेवारीची अखेर उजाडली. मधले महिने फार अस्वस्थ गेले, कारण यादीत आपण कुठे आहोत ते कळत नाही. नंतर वर्गातल्या इतरांकडून कळलं की बऱ्याच जणांनी दोन-तीन ठिकाणी नावं दिली होती आणि महिन्याभराने एक छोटी ईमेल टाकून चौकशी करत होते, तसं करायला काहीच हरकत नसते, तुम्हीही करा.

त्या काळात मी मोबाइलवरच्या अ‍ॅपवर शब्द पाठ करत होते. शब्द जमा होत होते पण बाहेर त्यांचा उपयोग होत नव्हता, आणि त्याचं कारण मला वर्ग सुरू झाल्यावर समजलं. बऱ्याच अ‍ॅपमध्ये ब्राझिलचं पोर्तुगीज असतं. ब्राझिलमध्ये स्वर मोकळे, पूर्ण उच्चारतात, आणि शेवटचा ‘दे’ बऱ्याच भागात ‘जी’ होतो, म्हणजे शहराला ते ‘सिदाजी’ म्हणतात. लिस्बनमध्ये तोच शब्द ‘सिदाद्’ असा निम्म्यात संपतो. ज्या स्वरावर जोर नाही तो इथले लोक जवळजवळ गिळतात, त्यामुळे लिहिलेलं वाक्य लांबलचक दिसतं आणि ऐकू येतं त्याच्या अर्धंच. मी राहते अल्मादाला, तेजू नदीच्या अलीकडे, आणि कामाला फेरीने पलीकडे लिस्बनला जाते. फेरीत आजूबाजूचे लोक गप्पा मारत असायचे आणि मला त्यात फक्त श, श, श ऐकू यायचं. भाषा कानावर पडतेय पण आत शिरत नाहीये, ही भावना ज्यांनी अनुभवलीय त्यांना मी काय म्हणतेय ते कळेल, फार एकटं वाटतं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये वर्ग सुरू झाला. आठवड्यातून तीन संध्याकाळ, सात ते दहा. वर्गात नेपाळी, बांगलादेशी, युक्रेनियन, पंजाबी, सगळे दिवसभर काम करून आलेले. फी नसल्याने खर्च म्हणाल तर वही, एक बरा इअरफोन आणि प्रवास, तोही महिन्याच्या ४० युरोच्या पासात बसला, त्या पासावर लिस्बन महानगरातल्या बस, मेट्रो, ट्रेन आणि फेरी सगळंच चालतं. हजेरी काटेकोर घेतात, त्यामुळे शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांनी मालकाशी आधीच बोलून ठेवावं.

आमच्या बाई बऱ्याच वर्षांपासून परदेशी लोकांना शिकवत होत्या. सुरुवातीच्या एका संध्याकाळी त्यांनी फळ्यावर एक वाक्य लिहिलं, स्वतः जुळवलेलं, आणि म्हणाल्या की जून महिन्यापर्यंत हे वाक्य सोडायचं नाही. ते असं, इथल्या उच्चाराप्रमाणे मी माझ्या वहीत लिहून घेतलं तसंच देते:

‘द् मन्यँ, उ वॅल्यु कुरसँव् द सिदाद् अकॉर्द द्वगार, इ उ ग़ीउ लॅव उश् सोन्युझ् दझ् मुल्यॅरज़् अतॅ औ मार.’

म्हणजे सकाळी शहराचं जुनं हृदय हळूहळू जागं होतं, आणि नदी बायकांची स्वप्नं समुद्रापर्यंत घेऊन जाते.

मला ते वाक्य पहिल्यांदा ऐकल्यापासून आवडलं. ‘हे टेबल आहे, ते पेन आहे’ असली वाक्यं दहादा म्हणायचा कंटाळा येतो, पण हे म्हणताना कंटाळा येत नाही, आणि उच्चार बसवायचा तर एकच गोष्ट शेकडो वेळा म्हणावीच लागते, त्यामुळे ती म्हणावीशी वाटणं गरजेचं आहे. शिवाय माझ्या रोजच्या फेरीतून तीच नदी दिसायची. पण खरी हुशारी अशी की नव्या माणसाला जड जाणारे बहुतेक सगळे आवाज बाईंनी त्यात बसवले होते.

सगळ्यात आधी अ आणि आ. पोर्तुगीजमध्ये अक्षर एकच, पण त्यावर जोर असेल तर आपला आ आणि नसेल तर साधारण आपला अ. ‘द्वगार’मध्ये ‘व’ला जोर नाही म्हणून तिथे अ, आणि ‘गा’वर जोर आहे म्हणून तिथे आ. हे लक्षात आलं आणि मी सगळं वाक्य देवनागरीत लिहून काढलं. आमच्या वर्गातल्या नेपाळी मुलीनेही तेच केलं. रोमन अक्षरं बघून वाचलं की डोळा इंग्रजीच्या सवयीने ट, ड म्हणायला लावतो, देवनागरीत त आणि द समोर असले की जीभ आपोआप दातांना लागते, आणि पोर्तुगीज त, द, प, क आपल्यासारखेच आहेत, हवा न सोडता म्हटलेले. मराठी माणसाला इथे काहीच शिकायचं नाहीये, फक्त इंग्रजी बाजूला ठेवायचंय.

मग तो प्रसिद्ध नाकातला आवाज, ‘कुरसँव्’च्या शेवटचा. युक्रेनियन मंडळी त्याला हैराण झाली होती आणि सुरुवातीला मीही ‘आव’ आणि ‘आंव’च्या मध्ये कुठेतरी अडकले होते. एका रात्री फेरीत बसून तो आवाज मनात घोळवताना एकदम लक्षात आलं की हा आवाज आपल्याकडे आहे. मराठीत आपण ‘अंश’ म्हणतो तेव्हा ‘अन्श’ म्हणत नाही, श च्या आधी ओठ किंचित गोल होऊन नाकातून व सारखा काहीतरी आवाज येतो. ‘संसार’, ‘संशय’ म्हणून बघा, अनुस्वाराच्या जागी तेच होतं. ‘अंश’ म्हणायला सुरुवात करायची आणि श म्हणायच्या आधी थांबायचं, जे उरतं ते जवळपास पोर्तुगीजचं ‘अँव्’. दुसऱ्या दिवशी वर्गात तसं म्हटलं तर बाईंनी मान डोलावली आणि सगळ्यांसमोर पुन्हा म्हणायला लावलं. मला फार आनंद झाला होता. हिंदीची सवय लागली असेल तर ‘अन्श’ होतं, तेव्हा अस्सल मराठी अनुस्वार लावा.

एकट्या स ने माझे जवळपास दोन आठवडे खाल्ले, पण तिथेच माझा कान उघडला म्हणून जरा सविस्तर सांगते. वाक्यातला ‘उश् सोन्युझ् दझ् मुल्यॅरज़् अतॅ’ हा तुकडा बघा. त्यातल्या पहिल्या चारही शब्दांच्या शेवटी लिहिताना साधा स आहे, पण बोलताना तो पुढच्या आवाजावर ठरतो. पुढे स, त, प, क असं काही असेल तर श. पुढे द, म, ब, ग असेल तर टेलिव्हिजन म्हणताना ज चा जो घोळलेला आवाज येतो तो, मी तो झ् असा लिहिलाय. आणि पुढे स्वर असेल तर मजा मधला ज, तो ज़् असा लिहिलाय. सगळं वाक्य संपत असेल तर पुन्हा श. म्हणून ‘बायका’ हा शब्द एकटा म्हटला तर ‘मुल्यॅरश्’ आणि पुढे ‘अतॅ’ आला की ‘मुल्यॅरज़्’. हे नियम म्हणून वाचलं तर डोक्यात राहत नाही, पण एकाच तुकड्यात सगळं एकामागून एक येतं म्हणून तोंडाला वळण लागतं. फेरीतल्या त्या श, श, श मधून शब्द वेगळे होऊन ऐकू यायला लागले ते याच आठवड्यांत, आणि तोपर्यंत मला वाटत होतं की माझ्या कानातच काहीतरी कमी आहे.

‘वॅल्यु’ आणि ‘मुल्यॅर’मधला ल्य, ‘मन्यँ’ आणि ‘सोन्यु’मधला न्य, हे आपल्याला सोपे. फक्त ल आणि य वेगवेगळे न म्हणता जिभेचा मधला भाग टाळूला पसरून टेकवायचा. र दोन आहेत. ‘मार’मधला र आपलाच. शब्दाच्या सुरुवातीचा र मात्र लिस्बनमध्ये बहुतेक जण घशातून काढतात, ग़ज़ल मधल्या ग़ सारखा, म्हणून नदी ‘ग़ीउ’. तो जमला नाही तर काळजी करू नका, बरेच वयस्कर लोक अजून जिभेने थरथरता र म्हणतात आणि तो बरोबरच समजला जातो.

अवघड गेलं ते उघडं आणि बंद ए, ओ, म्हणजे तोंड जास्त उघडून म्हटलेले आणि कमी उघडून म्हटलेले. ‘सोन्यु’तला ओ बंद, ‘अकॉर्द’मधला ऑ उघडा. आजोबा म्हणजे ‘अवो’ आणि आजी म्हणजे ‘अवॉ’, फरक फक्त शेवटच्या स्वराचा. माझ्या शेजारी एक आजी राहतात, त्या मूळच्या दक्षिणेतल्या अलेन्तेजू भागातल्या, जिन्यात भेटल्या की मी त्यांना हे वाक्य म्हणून दाखवायचे आणि त्या प्रत्येक स्वर ताणून परत म्हणायच्या. त्यांच्या तोंडी शेवटचा ‘मार’ हा ‘मारी’ असा यायचा, तिकडची ती लकब आहे. वर्गातल्या एकाचा मालक पोर्तोचा, त्याने तेच वाक्य रेकॉर्ड करून आणलं तर त्यात ‘वॅल्यु’चा ‘बॅल्यु’ आणि ‘लॅव’चा ‘लॅब’ झाला होता, उत्तरेत व चा ब होतो. माझी कळकळीची सूचना आहे की तुमचं वाक्य वेगवेगळ्या गावच्या तीन-चार माणसांकडून फोनवर रेकॉर्ड करून घ्या. कोणी नाही म्हणत नाही, उलट लोकांना फार बरं वाटतं, आणि शब्द ओळखीचे असल्याने कानाला फक्त आवाजातला फरक टिपायचं काम उरतं.

म्हणायची पद्धत बाईंनी शेवटाकडून शिकवली. आधी नुसतं ‘मार’, मग ‘औ मार’, मग ‘अतॅ औ मार’, मग ‘मुल्यॅरज़् अतॅ औ मार’, असं मागे मागे जात पूर्ण वाक्य. सुरुवातीकडून म्हटलं की आपण शेवटाला दमतो आणि शेवट कायम कच्चा राहतो. आणि शब्दांमध्ये थांबायचं नाही, ‘सिदाद् अकॉर्द’ हे ‘सिदादकॉर्द’ असं एकच व्हायला हवं.

आता शब्दांचं. प्रत्येक शब्दाला धरून त्याचं कुटुंब गोळा करायचं, यादी पाठ करायची नाही. ‘मन्यँ’ सकाळ, तर ‘आमन्यँ’ उद्या, आणि ‘उद्या सकाळी’ हे ‘आमन्यँ द् मन्यँ’. ‘अतॅ’ म्हणजे पर्यंत, तोच निरोप घेताना येतो, ‘अतॅ लॉगु’, ‘अतॅ आमन्यँ’. ‘लॅव’ म्हणजे घेऊन जातो, मग कॅफेत ‘पर लवार’ म्हटलं की पार्सल देतात. ‘सिदाद्’ वरून ‘सिददँव्’ म्हणजे नागरिक आणि ‘सिददनीअ’ म्हणजे नागरिकत्व, आम्ही सगळे ज्याच्यासाठी कागद जमवत होतो तेच. आणि ‘द्वगार’ हा तर माझा सगळ्यात उपयोगी शब्द, ‘माइझ् द्वगार, पुर फवोर’ म्हणजे जरा हळू बोला, हे नीट उच्चारात म्हटलं की समोरचा खरंच हळू बोलतो आणि इंग्रजीवर जात नाही.

अँव् ने संपणाऱ्या शब्दांची अनेकवचनं तीन प्रकारची आहेत. हृदयं ‘कुरसोंइश्’, नागरिक ‘सिददँव्श्’, आणि पाव म्हणजे ‘पँव्’चं होतं ‘पँइश्’. पाव, साबण, लिलाव हे आपण त्यांच्याकडूनच घेतलेले शब्द, तिघांच्याही मुळाशी तोच अँव् आहे, त्यामुळे ते पाठ करावे लागले नाहीत. लिंगही याच वाक्यातून बसलं, कारण नदी इथे पुल्लिंगी आहे आणि आपल्याला ते सतत चुकीचं वाटत राहतं, पण पुल्लिंगी शब्दाआधी ‘उ’ आणि स्त्रीलिंगी शब्दाआधी ‘अ’ लागतो, आणि ‘उ ग़ीउ’ इतक्या वेळा म्हटल्यावर ‘अ ग़ीउ’ तोंडातून निघतच नाही.

मार्चनंतर व्याकरण वाढलं तशी आम्ही त्याच वाक्याची रूपं केली. ‘अकॉर्द’ आणि ‘लॅव’ वर्तमानातले. ‘अकुर्दो’ आणि ‘लवो’ केलं की झालं गेलं, एकदाच घडलं. ‘अकुर्दाव’ आणि ‘लवाव’ केलं की व्हायचं, न्यायची, पूर्वी रोज असं असायचं. ए२ मध्ये या दोन भूतकाळांतला फरक हाच मुख्य विषय असतो आणि आपल्याकडे ‘गेला’ आणि ‘जायचा’ असा फरक आहेच, तेव्हा मराठीतूनच विचार करा, इंग्रजीतून केलात तर उगाच गुंता होतो. अनेकवचन केलं तेव्हा ‘अकॉर्दँव्’, ‘लॅवँव्’ झालं, म्हणजे क्रियापदाच्या शेवटीही तोच अंशचा अनुस्वार. वाक्य तेच, काळ बदलला की कविता बदलते, हे वर्गात सगळ्यांनाच जाणवलं. एक बांगलादेशी काका तर ‘लवाव’वालं रूप म्हणताना त्यांच्या गावच्या नदीबद्दल बोलायला लागले, तुटक पोर्तुगीजमध्ये, पण बराच वेळ, आणि कोणीच मध्ये बोललं नाही.

लिहिण्यासाठी एक बारीक टिप, फोनच्या कीबोर्डमध्ये पोर्तुगीज भाषा जोडून घ्या, अक्षर दाबून धरलं की अक्षरावरची लाट (ã) आणि सी खालची शेपटी (ç) येते. ती चिन्हं गाळली की शब्दच बदलतो आणि श्रुतलेखनात मार्क जातात.

मूल्यमापन प्रत्येक टप्प्याला होतं, एकदम मोठी परीक्षा नाही. श्रुतलेखन, छोटी ईमेल लिहिणं, ऐकून उत्तरं, आणि जोडीने संवाद. माझा शेवटचा तोंडी भाग जूनच्या मध्यावर होता, लिस्बनमध्ये सांतु अँतॉनियुचा सण नुकताच झाला होता. संवादाचा विषय होता दवाखान्यात वेळ घेणं. पोटात गोळा आला होता, पण आवाज नीट निघत होते आणि समोरच्याचं सगळं ऐकू येत होतं, त्यामुळे बोलणं थांबलं नाही.

सर्टिफिकेट यायला मग आणखी काही आठवडे गेले. हातात आल्यावर त्यावरचं नाव पासपोर्टशी अक्षर न अक्षर जुळवून बघा, आपल्याकडे वडिलांचं नाव मध्ये येतं, त्याची जागा बदललेली असू शकते आणि दुरुस्ती त्याच ऑफिसातून लगेच करून घेतलेली बरी. पातळी ए२ अशी स्पष्ट लिहिलीय ना तेही पाहा. स्कॅन करून ठेवा आणि मूळ प्रत कुठेही देऊन टाकू नका.

बी१ साठी मी त्याच शाळेत जुलैमध्येच नाव दिलं, कारण सप्टेंबरपर्यंत थांबलं की पुन्हा तशीच लांब यादी. बाईंनी नवीन वाक्यही दिलंय, ‘उशला’ने सुरू होणारं, म्हणजे ‘असं होवो’ अशा इच्छेचं, कारण बी१ ला क्रियापदाचं ते इच्छेचं रूप शिकवतात. तुम्हाला वर्ग मिळेपर्यंत वाट बघावी लागत असेल तर वरचं वाक्य आजच वहीत उतरवा, कोणा पोर्तुगीज माणसाकडून रेकॉर्ड करून घ्या आणि ‘मार’ पासून उलटं सुरू करा.